एकाच दारात पाच संस्था: शहरातल्या मदतसंस्थांचा समन्वय कसा सुरू झाला आणि कुठे अडला?

आवकजावक (प्रश्न)

शहरातल्या धर्मादाय संस्थांना एकमेकींशी जोडून घेण्याचे प्रयत्न दोनशे वर्षांहून जुने आहेत. पण वाचायला बसलं की सगळं एकात एक मिसळलेलं दिसतं. लंडनची चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी, अमेरिकेतल्या कम्युनिटी चेस्ट, संस्थांच्या परिषदा, सोशल सर्व्हिस एक्सचेंज ही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत की कामंच वेगळी होती?

मला मुख्यतः तीन गोष्टी हव्या आहेत. एक, यातलं आधी काय आलं आणि कशामुळे आलं. दोन, मध्यवर्ती नोंद प्रत्यक्षात कशी चालायची, म्हणजे कार्डावर काय लिहायचे, विचारणा कशी व्हायची, उत्तरात काय मिळायचं. तीन, हे सगळं कुठे मोडलं. "सहकार्याचा अभाव" एवढ्यावर समाधान होत नाही. कुठला सांधा निखळला ते हवं आहे.

---

जुनं_दफ्तर

आधी गुंता सोडवू. समन्वय या एका शब्दाखाली तीन कामं येतात: मदत कोणाला मिळते आहे याची नोंद (एक्सचेंज), पैसा एकत्र गोळा करणं (कम्युनिटी चेस्ट) आणि शहरात काय कमी पडतंय ते ठरवणं (संस्थांची परिषद). इतिहासात ती साधारण याच क्रमाने आली. जिथे एका कामाचा अधिकार दुसऱ्या कामासाठी वापरला गेला, तिथे गाडी रुळावरून घसरली. पुढचं सगळं हे धरून वाचा.

सुरुवात लंडनपासून करू नका, हँबुर्गपासून करा. १७८८ मध्ये तिथे कास्पर फोग्ट आणि योहान गेओर्ग ब्यूश यांच्या पुढाकाराने गरिबांसाठी एक सर्वसाधारण संस्था उभी राहिली. शहराचे ६० विभाग पाडले आणि दर विभागाला ३ बिनपगारी नागरिक नेमले, म्हणजे एकूण १८०. मदत मागणाऱ्याच्या घरी जायचं, कमाई आणि खाणारी तोंडं मोजायची, कमी पडेल तेवढं द्यायचं आणि जमेल त्याला काम मिळवून द्यायचं. पुढे फ्रेंच अंमलात शहराचा व्यापार बुडाला आणि ही घडी विस्कटली.

त्यानंतर एल्बरफेल्ड हे जर्मन शहर, १८५३. डानिएल फॉन डेर हाइट या बँकवाल्याचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ही पद्धत बारकाईने बघा, कारण पुढे अर्ध्या जगाने तिची नक्कल केली. शहराचे छोटे मोहल्ले पाडले. पुढे त्यांची संख्या २५२ झाली, प्रत्येकात सुमारे ३०० माणसं. दर मोहल्ल्याला एक भेट देणारा. १४ मोहल्ल्यांचा एक गट, त्याचा एक प्रमुख. एका माणसाकडे चारपेक्षा जास्त प्रकरणं द्यायची नाहीत. गटाची बैठक दर पंधरवड्याला, आणि मंजुरीही फक्त पंधरा दिवसांची. मुदत संपली की पुन्हा घरी जाऊन बघायचं आणि पुन्हा मंजूर करून घ्यायचं. अगदीच अडचण असेल तर भेट देणाऱ्याने जागेवर मदत द्यायची आणि पुढच्या बैठकीत सांगायचं. हे काम नाकारणं सोपं नव्हतं. नागरिक म्हणून ते कर्तव्यच होतं आणि टाळलं तर मतदानाच्या हक्कावर आणि करावर परिणाम व्हायचा.

आता गणित करा. २५२ गुणिले ४, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त हजारभर प्रकरणं. ही व्यवस्थेची क्षमता आहे आणि ती माणसांच्या संख्येने बांधलेली आहे. गिरण्या वाढल्या, भाडेकरू दर काही महिन्यांनी जागा बदलू लागले, तेव्हा मोहल्ल्यातला माणूस शेजाऱ्याला ओळखतो हे गृहीतच ढासळलं. स्ट्रासबुर्गने १९०५ मध्ये ही पद्धत बदलली. चौकशीचं काम पगारी कर्मचाऱ्यांकडे गेलं आणि प्रकरण मोहल्ल्यानुसार न देता स्वभाव आणि गरज बघून योग्य त्या स्वयंसेवकाकडे दिलं जाऊ लागलं.

लंडनचं दुखणं निराळं होतं. तिथे पैसा भरपूर होता, संस्था शेकड्यांनी होत्या, पण एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. नोव्हेंबर १८६९ मध्ये पुअर लॉ बोर्डाचे (गरिबांच्या सरकारी मदतीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे) अध्यक्ष जॉर्ज गोशेन यांनी परिपत्रक काढलं: सरकारी मदत आणि धर्मादाय मदत यांची हद्द ठरवा, आपापल्या याद्या एकमेकांना दाखवा, एकाच माणसाला दोन्हीकडून नकळत मदत जाऊ देऊ नका. त्याच वर्षी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या जिल्हा समित्या मुद्दाम पुअर लॉच्या हद्दींशी जुळवून आखल्या होत्या, म्हणजे सरकारी अधिकारी आणि समिती दोघांसमोर तोच नकाशा. चार्ल्स लॉक १८७५ पासून जवळजवळ चार दशकं तिचे सचिव होते. संस्थेने स्वतः पैसे वाटायचे नाहीत, चौकशी करून योग्य संस्थेकडे पाठवायचं, असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात समित्यांना स्वतःच पैसे द्यावे लागले, कारण पाठवलेला माणूस तिथून रिकाम्या हाताने परत यायचा. मोठ्या जुन्या संस्थांना आपले देणगीदार होते, आपले विश्वस्त होते. या सोसायटीचं ऐकण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं आणि ऐकवण्याचा अधिकार सोसायटीकडे नव्हता. माझ्या मते निखळलेला पहिला सांधा हा.

अमेरिकेत हीच कल्पना डिसेंबर १८७७ मध्ये बफेलो शहरात गेली. नेणारे हंफ्रीज गर्टीन, मूळचे इंग्लंडचे धर्मोपदेशक. बॉस्टनमध्ये १८७९, न्यू यॉर्कमध्ये १८८२ (तिथे जोसेफिन शॉ लोवेल) आणि मग इतर शहरं.

---

कार्डपेटी

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मध्यवर्ती नोंदीवर लिहितो. बॉस्टनमध्ये १८७६ मध्ये अशी नोंद सुरू झाली. नंतर अमेरिकेतल्या शहराशहरांत ती सोशल सर्व्हिस एक्सचेंज किंवा कॉन्फिडेन्शियल एक्सचेंज या नावाने पसरली.

तिथे कुटुंबाची माहिती साठवलेली असायची, हा पहिला गैरसमज. एक्सचेंजमध्ये माहिती जवळजवळ नसायचीच, आणि याच कारणामुळे ती इतकी वर्षं टिकली. एक जाड कार्ड डोळ्यांसमोर आणा. वरच्या ओळीत आडनाव. खाली नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव. मग दोघांची वयं किंवा जन्मतारखा, मुलांची नावं, सध्याचा पत्ता, त्याखाली खोडलेले आधीचे पत्ते. उरलेल्या अर्ध्या कार्डावर फक्त दोन रकाने: तारीख आणि संस्थेचं नाव. काय मागितलं, काय दिलं, दारू पितो की नाही, आजार कोणता, यातलं एक अक्षरही नाही.

काम असं चालायचं. संस्थेकडे नवं कुटुंब आलं की ती चिठ्ठीवर किंवा फोनवर ओळखीचे तपशील कळवायची. कारकून कार्ड शोधायचा. सापडलं तर उत्तर जायचं: या कुटुंबाला अमुक संस्था अमुक तारखेपासून ओळखते. मग त्या तारखेखाली विचारणाऱ्या संस्थेचं नाव चढायचं. सापडलं नाही तर नवं कार्ड. पुढची बोलणी दोन संस्थांनी थेट एकमेकींशी करायची. नंतर तिसऱ्या संस्थेने विचारणा केली तर आधीच्यांनाही तसं कळवलं जायचं. म्हणजे एक्सचेंजचं काम फक्त 'कोणाला विचारायचं' एवढं सांगण्याचं.

बिघाड कुठे व्हायचा ते काळाच्या क्रमाने नाही, तर किती वेळा व्हायचा त्यानुसार सांगतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. स्थलांतरितांचं आडनाव एका संस्थेत एक, दुसरीत दुसरं. म्हणून स्पेलिंग सोडून उच्चारावर कार्डं लावायची सोय लागते. अशा कामासाठी रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट घेतलेली साउंडेक्स पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटाप्रमाणे १ ते ६ आकडे द्यायचे आणि तीन आकड्यांवर थांबायचं. स्मिथ आणि स्माइथ दोघांचा संकेत एकच येतो, एस-५३०. पण संकेत जुळला म्हणजे माणूस जुळला असं नव्हे. म्हणून कार्डावर बायकोचं माहेरचं आडनाव आणि मुलांची नावं असायची. पत्ता बदलतो, वय चुकीचं सांगितलं जातं, मुलांच्या नावांचा क्रम मात्र सहसा पक्का असतो.

दुसरा बिघाड: फक्त विचारणाऱ्या संस्था. त्या उत्तर घ्यायच्या, पण प्रकरण बंद झाल्याचं किंवा पत्ता बदलल्याचं कळवायच्या नाहीत. पाच-सात वर्षांत कार्ड मेलेल्या नोंदींनी भरतं. मग तिथे पाठवलेल्या दहा विचारण्यांपैकी किती कामाच्या निघतात, असा प्रश्न खर्च देणारे विचारू लागतात.

तिसरा सगळ्यात गंभीर. नोंद मदतीसाठी आहे की पकडण्यासाठी? 'दुबार मदत' शोधणं हा लंडनपासूनचा हेतू होता, आणि तो कारकुनाच्या हातात गेला की प्रत्येक जुळलेलं कार्ड संशयाचं कारण होतं. खरं तर एका कुटुंबाच्या कार्डावर तीन संस्था असणं अगदी साहजिक आहे: एक क्षयाच्या औषधासाठी, एक पाळणाघरासाठी, एक भाड्यासाठी. त्यात दुबार काहीच नाही. ही गोष्ट ज्यांना कळली त्यांनी एक्सचेंज वेगळ्या कारणाने वापरली. मेरी रिचमंड १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीत खजिनदाराच्या सहायक म्हणून आल्या आणि १९१७ मध्ये त्यांचं 'सोशल डायग्नॉसिस' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांच्या मांडणीत आधीच्या संस्थेला विचारणं हा कुटुंब समजून घेण्याचा एक स्रोत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या नोंदी हळूहळू बंद पडत गेल्या. खर्च होताच. शिवाय विचारही बदलला: माणसाची माहिती आधी त्याच्याकडूनच घ्यावी, त्याला न विचारता त्याचं नाव कुठेही पाठवू नये. मानसिक उपचार, अविवाहित माता, दत्तक यांसारखी प्रकरणं नोंदवायची की नाही यावर तर आधीपासूनच वाद होते.

---

आवकजावक

खूप मोलाचं. एक शंका: नोंद आणि पैसा यांचा संबंध कधी आला? म्हणजे 'आमच्या नोंदीत या, तरच निधी' असं कोणी केलं का?

---

ताळेबंद

केलं, आणि तिथूनच तिसरा अध्याय सुरू होतो. आधी सामायिक निधीची उत्पत्ती बघू.

डेन्व्हरमध्ये १८८७ मध्ये काही धर्मोपदेशक आणि फ्रान्सेस वाइजबार्ट जेकब्स यांनी मिळून अनेक संस्थांसाठी एकच निधी गोळा करायचं ठरवलं. पहिल्या मोहिमेत २१,७०० डॉलर जमले. ज्यू समाजाच्या संस्थांनी बॉस्टनमध्ये १८९५ आणि सिनसिनाटीमध्ये १८९६ साली आपापले महासंघ केले. पुढच्या शहरांनी यांच्याकडून बरंच उचललं. पण आजचा साचा पडला तो क्लीव्हलँडमध्ये, १९१३ ला. तिथे पुढाकार व्यापाऱ्यांच्या चेंबरचा होता. त्यांची एक समिती १९०० पासून संस्थांची तपासणी करून कोणाला देणगी द्यावी ते सांगत होती, कारण दर आठवड्याला नवा माणूस वर्गणी मागायला दुकानात यायचा.

व्यवहार असा होता: देणगीदाराने वर्षातून एकदा आकडा लिहून द्यायचा आणि त्या वर्षी त्याला दुसऱ्या कोणी विचारायचं नाही. व्यापारी खूश. बदल्यात संस्थांनी स्वतःची वर्गणी बंद करायची आणि अंदाजपत्रक समितीपुढे ठेवायचं. पहिल्या महायुद्धातल्या वॉर चेस्टमुळे, म्हणजे युद्धकाळातल्या अशाच सामायिक निधीमुळे, ही सवय सगळीकडे लागली. १९१९ ते १९२९ या दहा वर्षांत अशा चेस्ट ३९ वरून ३५३ वर गेल्या.

आता अंदाजपत्रकाची यंत्रणा, कारण दोष तिच्यातच आहे. संस्था तीन रकाने भरते: गेल्या वर्षी झालेला खर्च, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या वर्षाची मागणी. त्यातून संस्थेचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे शुल्क, ठेवींचं व्याज वगैरे, वजा होतं. उरलेली तूट चेस्ट भरते. वाचायला न्याय्य वाटतं. परिणाम बघा: समजा खर्च १०० आणि स्वतःचं उत्पन्न ३०, तर अनुदान ७०. पुढच्या वर्षी संस्थेने कष्ट करून उत्पन्न ४० केलं, तर अनुदान ६०. संस्थेच्या हाती काहीच वाढलं नाही. दोन वर्षांत प्रत्येक संस्था शहाणी होते आणि उत्पन्न वाढवायचं सोडून देते. उपाय दोन आहेत: ठरावीक रक्कम ठरवून द्यायची आणि जास्तीचं उत्पन्न संस्थेकडेच ठेवू द्यायचं, किंवा कामाच्या नगावर पैसे द्यायचे (इतकी मुलं, इतके दिवस). दुसऱ्या उपायात नग मोजायची व्याख्या आधी लेखी ठरवावी लागते, नाहीतर आकडे फुगतात.

आणखी एक चूक नेहमी होते. लिहून दिलेला आकडा आणि जमा झालेला आकडा यांत फरक असतो. लोक गाव सोडतात, नोकरी जाते. वाटप लिहून दिलेल्या आकड्यावर केलं की वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत हप्ते थांबतात, आणि तेव्हाच थंडी असते. म्हणून घट आधी धरायची, काही भाग राखीव ठेवायचा आणि संस्थांना दरमहा बाराव्या हिश्श्याने द्यायचं.

तुमच्या शंकेबद्दल: चेस्टमध्ये यायचं तर संस्थेने शहराच्या परिषदेचं सदस्य व्हावं, एक्सचेंज वापरावी, हिशेब तपासून घ्यावेत, अशा अटी घातल्या जाऊ लागल्या. लंडनकडे जो अधिकार नव्हता तो इथे पैशातून आला. पण त्याची किंमत पडली. अंदाजपत्रक गेल्या वर्षाच्या रकमेवर चालतं, म्हणून आत असलेल्या जुन्या संस्था आतच राहिल्या आणि नव्या वस्त्यांतल्या संस्थांना दार उघडेना. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांनी १९६८ मध्ये ब्रदरहूड क्रुसेड हा स्वतःचा निधी काढला, त्यामागे हीच खदखद होती.

---

जुनं_दफ्तर

@ताळेबंद यांच्या लिखाणाला एक जोड. मोठा तडा १९२९ नंतरच्या मंदीत गेला. चेस्टच्या मोहिमा जोरात होत्या, पण बेकारी इतकी होती की वर्गणीच्या पैशाने ती झाकणं अशक्य होतं. १९३३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत आली आणि तिचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी जूनमध्ये नियम केला: सरकारी पैसा सरकारी यंत्रणेनेच वाटायचा, खासगी संस्थेमार्फत नाही. तोपर्यंत अनेक शहरांत सरकारी पैसा याच संस्थांच्या हातून जात होता. एका नियमाने त्यांचं साठ वर्षांचं मुख्य काम, म्हणजे कोणाला किती द्यायचं हे ठरवणं, संपलं. त्यातल्या बऱ्याच संस्था मग कुटुंब-सल्ल्याकडे वळल्या. लंडनची सोसायटीसुद्धा १९४६ मध्ये नाव बदलून फॅमिली वेल्फेअर असोसिएशन झाली.

---

उंबरठा

वरच्या मांडणीत एक गोष्ट सौम्य झाली आहे, ती नीट म्हटली पाहिजे. चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीची अडचण अधिकाराच्या अभावाची होती, तेवढीच निदानाचीही होती. गरिबीचं मूळ माणसाच्या सवयीत आहे, म्हणून चौकशी कसून करा, असा तिचा पाया. त्या काळात चार्ल्स बूथ यांच्या पाहणीने लंडनच्या ३०.७ टक्के लोकांना गरिबीत दाखवलं, आणि १९०१ मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्कमध्ये २७.८४ टक्के. तिसरा हिस्सा शहर बेशिस्त असू शकत नाही. कमी मजुरी, म्हातारपण, आजार, कर्त्या माणसाचा मृत्यू ही कारणं आकड्यांत समोर आली. धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट सुरुवातीला सोसायटीचेच होते. १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल (गरीब वस्तीत राहून काम करण्याचं केंद्र) काढल्यावर वस्तीत राहून त्यांचं मत बदलत गेलं आणि ते सोसायटीपासून दूर झाले.

प्रत्यक्षात काय होतं तेही बघा. अर्ज सोमवारी, घरभेट बुधवारी, मालकाला आणि आधीच्या नोकरीच्या ठिकाणी पत्रं, उत्तरं पुढच्या आठवड्यात, समिती त्याच्या पुढच्या. भाडं मात्र या शनिवारी द्यायचं असतं. चौकशी कितीही प्रामाणिक असली तरी निर्णय येईपर्यंत घरातलं अंथरूण गहाण पडलेलं असतं. एल्बरफेल्डने 'आधी द्या, बैठकीत सांगा' ही सोय ठेवली होती, ती उगाच नव्हे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डने १९०४ मध्ये गिल्ड ऑफ हेल्प ही मदतसंस्था काढताना एल्बरफेल्डचाच नमुना घेतला.

---

कार्डपेटी

@उंबरठा, मान्य. वेळेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

परिषदेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. अमेरिकेत मिलवॉकी आणि पिट्सबर्ग इथे १९०८-०९ च्या सुमारास संस्थांच्या पहिल्या परिषदा झाल्या. रूढ रचना अशी: दर संस्थेचे दोन प्रतिनिधी, एक कार्यकारिणीतला आणि एक पगारी कामातला. दोघं लागतात, कारण पहिल्याला शब्द देता येतो आणि दुसऱ्याला काम माहीत असतं. फक्त पगारी माणसं बसली की ठराव छान होतात आणि विश्वस्तांकडे जाऊन पडून राहतात. फक्त विश्वस्त बसले की चर्चा इमारती आणि समारंभांवर जाते. सभासदांचे कामानुसार गट पडायचे: कुटुंब, मूल, आरोग्य, करमणूक.

परिषद कुठे दुबळी पडली ते बैठकीच्या विषयपत्रिकेवरून ओळखता येतं. चेस्टच्या कार्यालयातच परिषदेचा सचिव बसू लागला की सप्टेंबरपासून सगळे विषय मोहिमेचे असतात. 'या भागात दवाखाना नाही' हा विषय मग जानेवारीत येतो, आणि तोवर पुढच्या वर्षाचं वाटप ठरून गेलेलं असतं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: परिषदेची स्वतंत्र तिजोरी, लहान असली तरी चालेल, आणि गरजेची पाहणी वाटपाच्या किमान चार महिने आधी पूर्ण. पाहणीत वस्तीनिहाय नकाशा हवा. संस्थानिहाय यादी नको, कारण यादीत जिथे संस्थाच नाही ती वस्ती दिसत नाही.